चित्रातला माणूस आणि अहवालातला माणूस

माणसाच्या मनात काय चालले आहे हे त्याला न विचारताच जाणून घ्यावे, ही मनुष्याची फार जुनी इच्छा आहे. कोणी त्यासाठी तळहाताच्या रेषा पाहिल्या, कोणी जन्मपत्रिका मांडली, तर कोणी हस्ताक्षराच्या वळणावरून स्वभावाचा अंदाज बांधला. विसाव्या शतकात मानसशास्त्राने हे काम हाती घेतले, तेव्हा ते आता शास्त्रीय पायावर होईल अशी अपेक्षा निर्माण झाली आणि ती पुष्कळ अंशी सफलही झाली. परंतु याच शास्त्राच्या अंगणात काही साधने अशी रुजली, की त्या जुन्या इच्छेशी असलेले त्यांचे नाते पुरते तुटले आहे की नाही याविषयी शंका घ्यावी. मनोरुग्णाकडून चित्र काढून घ्यायचे आणि त्या चित्रावरून त्याच्या व्यक्तिमत्त्वाचा शोध घ्यायचा, ही पद्धत त्यांपैकी एक होय.

प्रस्तुत लेखक मानसशास्त्राचा नव्हे, अर्थशास्त्राचा अध्यापक आहे. या विषयात तो ओढला गेला तो एका विद्यार्थ्यामुळे. काही वर्षांपूर्वी हा मुलगा परीक्षेच्या सुमारास आजारी पडला. झोप उडाली, जेवण सुटले, बोलणे जवळजवळ थांबले. वडील एका कचेरीत लिपिक. त्यांनी वेळ न दवडता मुलाला रुग्णालयात नेले, औषधोपचार झाले आणि चारेक महिन्यांत मुलगा सावरला. पुन्हा वर्गात बसण्यापूर्वी कोणकोणती कागदपत्रे महाविद्यालयात द्यावी लागतील हे विचारण्यासाठी वडील माझ्याकडे फाईल घेऊन आले. त्या फाईलमध्ये पेन्सिलीने काढलेले एका माणसाचे चित्र होते आणि त्याखाली अहवाल होता. चित्रातील माणसाचे हात खिशात आहेत, यावरून अपराधभावना व संपर्क टाळण्याची वृत्ती दिसते. डोळे मोठे व ठळक आहेत, यावरून संशयी स्वभाव. पाय अपुरे राहिले आहेत, यावरून असुरक्षितता आणि कदाचित लैंगिक संघर्ष. अहवालाचा आशय एवढाच होता.

वडिलांनी तो शब्दन् शब्द वाचला होता. इंग्रजी कळण्याइतके त्यांचे शिक्षण होते, ही त्या प्रसंगी दुर्दैवाचीच गोष्ट म्हणायची. आवाज खाली आणून त्यांनी मला विचारले, “सर, माझ्या मुलानं काही केलं आहे का?”

मुलगा नंतर एकदा मोकळेपणाने बोलला. त्याने सांगितले, “सर, मला हाताची बोटं काढता येत नाहीत. शाळेतसुद्धा येत नव्हती. म्हणून हात खिशात घातले. आणि पायांपर्यंत आलो तोवर कागद संपला.”

या एका अनुभवावरून साऱ्या पद्धतीविषयी निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. मुलाला आपल्या मनातील खरे कारण स्वतःलाच ठाऊक नसेल, असे कोणी म्हटल्यास तेही सहज नाकारता येणार नाही. म्हणून प्रश्न अधिक व्यापक पातळीवर तपासला पाहिजे. ही पद्धत आली कोठून, तिच्यामागचे गृहीत काय, आणि ते गृहीत कसोटीला उतरले आहे काय?

फ्लॉरेन्स गुडइनफ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विदुषींनी 1926 साली मुलांची बुद्धिमत्ता अजमावण्यासाठी ‘माणूस काढा’ ही कसोटी प्रसिद्ध केली. तिची रीत हिशेबी होती. मुलाने डोके काढले का, मान काढली का, बोटांची संख्या बरोबर आहे का, अशा 51 मुद्द्यांना गुण द्यायचे आणि त्या वयाच्या इतर मुलांच्या गुणांशी त्यांची तुलना करायची. चित्र सुंदर आहे की कुरूप, याचा तीत संबंध नव्हता. भारतीय मुलांसाठी याच कसोटीचे रूपांतर बडोद्याच्या प्रमिला फाटक यांनी केले आणि आपल्याकडील मुलांच्या चित्रांवरून प्रमाणके ठरवली. येथवर चित्र ही मोजण्याची वस्तू होती.

पुढे तिचे रूप पालटले. लॉरेन्स फ्रँक यांनी 1939 साली ‘प्रक्षेपण पद्धती’ ही कल्पना विस्ताराने मांडली. माणसापुढे अस्पष्ट, अर्धवट, वाटेल तसा अर्थ लावता येईल असे काही ठेवावे, म्हणजे तो त्यात आपले अंतरंग ओततो, असा तिचा आशय. हर्मन रोर्शाक यांचे शाईचे डाग त्यापूर्वीच, 1921 मध्ये आले होते. जॉन बक यांनी 1948 साली घर, झाड आणि माणूस काढायला सांगणारी कसोटी मांडली. न्यूयॉर्कमधील एका रुग्णालयात काम करणाऱ्या कॅरन मॅकोव्हर यांनी 1949 साली मानवाकृतीच्या चित्रावरून व्यक्तिमत्त्व कसे वाचावे, यावर एक ग्रंथच लिहिला. चित्रातील आकृती म्हणजे काढणारा स्वतः आणि कागद म्हणजे त्याचे भोवतालचे जग, हे त्यातील मूलसूत्र. मग कागदावरील प्रत्येक गोष्टीला अर्थ आला. डोळ्यांना संशयाचा, लपवलेल्या हातांना अपराधाचा, मोठ्या डोक्याला बुद्धीविषयीच्या चिंतेचा, कागदाच्या कोपऱ्यात काढलेल्या लहानशा आकृतीला न्यूनगंडाचा.

ही कल्पना आकर्षक आहे हे मान्य केले पाहिजे. जो रुग्ण बोलत नाही, ज्याला आपले दुःख शब्दांत मांडता येत नाही, त्याच्यापर्यंत पोहोचण्याची वाट यातून मिळेल, ही त्यामागची तळमळही खरी होती. शिवाय खर्च काय, तर एक कोरा कागद आणि एक पेन्सिल. रुग्णांची रांग मोठी आणि प्रशिक्षित माणसे थोडी, अशा ठिकाणी असे साधन लोकप्रिय न झाले तरच नवल.

परंतु कोणत्याही मापाला दोन प्रश्न विचारावे लागतात. एकच वस्तू दोघांनी मोजली, किंवा एकाने दोनदा मोजली, तर माप तेच येते काय? आणि जे मोजतो असे आपण म्हणतो, तेच खरोखर मोजले जाते काय? पहिला प्रश्न विश्वसनीयतेचा, दुसरा यथार्थतेचा. दारिद्र्यरेषा असो वा किंमत निर्देशांक, आम्हा अर्थशास्त्र शिकवणाऱ्यांना हे दोन प्रश्न रोज विचारावे लागतात, आणि त्यांची उत्तरे नेहमीच समाधानकारक असतात असा आमचाही दावा नाही. क्लिफर्ड स्वेन्सन यांनी 1957 साली मॅकोव्हर यांच्या ग्रंथातील विधाने तोवर झालेल्या संशोधनाशी ताडून पाहिली. बहुतेक विधानांना पुरावा आढळला नाही. त्यांनीच 1968 मध्ये पुन्हा आढावा घेतला, तेव्हा संपूर्ण चित्राच्या एकंदर दर्जावरून काही ढोबळ अंदाज बांधता येतो, सुट्या सुट्या खुणांवर मात्र भिस्त ठेवता येत नाही, असे दिसले. यातही एक अडचण राहतेच. चित्राचा एकंदर दर्जा बराचसा चित्र काढण्याच्या सवयीवर आणि बुद्धीवर अवलंबून असतो. लिलियनफेल्ड, वुड आणि गार्ब या तिघा अभ्यासकांनी 2000 साली प्रक्षेपण पद्धतींची सविस्तर झडती घेतली. तीत मानवाकृतीच्या चित्रांची बाजू दुबळीच ठरली.

मग प्रश्न असा पडतो, की पुरावा इतका तोकडा असताना अनुभवी, प्रामाणिक मानसशास्त्रज्ञांना ‘आमच्या अनुभवात हे खरे ठरते’ असे का वाटत राहावे? याचे उत्तर लॉरेन चॅपमन आणि जीन चॅपमन या दांपत्याने 1967 साली एका साध्या प्रयोगाने दिले. त्यांनी काही मानवाकृतींची चित्रे घेतली आणि प्रत्येक चित्राबरोबर ते काढणाऱ्याच्या म्हणून काही तक्रारी लिहिल्या. याला इतरांविषयी संशय वाटतो, याला आपल्या पुरुषत्वाची चिंता आहे, वगैरे. चित्रे आणि तक्रारी यांच्या जोड्या वाटेल तशा लावल्या होत्या. त्यांचा परस्परसंबंध शून्य होता. ज्यांना या कसोटीची काहीही माहिती नव्हती, अशा महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना ती दाखवली आणि कोणत्या तक्रारीबरोबर कोणती खूण येते हे शोधायला सांगितले. विद्यार्थ्यांना खुणा ‘सापडल्या’. संशयी माणसांच्या चित्रात डोळे वेगळे असतात, पुरुषत्वाची चिंता असलेल्यांच्या चित्रात खांदे रुंद असतात. मौजेची आणि तितकीच गंभीर गोष्ट अशी, की व्यवसायातील तज्ज्ञ आपल्या अनुभवाच्या आधारे जे सांगत होते, नेमके तेच या अनभिज्ञ मुलांना कागदावर नसताना दिसले.

याला आभासी सहसंबंध म्हणतात. डोळा आणि संशय यांची सांगड आपल्या भाषेतच घातलेली आहे. ‘नजर ठेवणे’, ‘डोळ्यांत तेल घालून पाहणे’ हे आपण रोज बोलतो. ही सांगड आपण चित्रात नेतो आणि ती चित्रातून मिळाली असे समजतो. प्रक्षेपण घडते हे खरेच, पण पुष्कळदा ते चित्र काढणाऱ्यापेक्षा चित्र वाचणाऱ्याचे असते.

अर्थशास्त्राच्या वाचकांना हा प्रयोग अपरिचित नाही. डॅनिएल कानमन आणि अमोस ट्व्हर्स्की यांनी मानवी अंदाजांतील चुकांवर 1974 साली जो गाजलेला लेख लिहिला, त्यात चॅपमन यांच्या या कामाचा उल्लेख आहे. प्रत्यक्षातील संबंध उलट दिशेचा ठेवला तरी पाहणाऱ्यांचा आभास हटला नाही, आणि जे संबंध खरोखर होते ते मात्र त्यांच्या नजरेतून निसटले, हे त्यांनी तेथे आवर्जून नोंदवले. कानमन यांना 2002 साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. बाजारातील गुंतवणूकदार जेथे चुकतो, तेथेच तज्ज्ञही चुकतो. तो अप्रामाणिक असतो म्हणून नव्हे, माणूस असतो म्हणून.

आता एक हिशेब करून पाहू. आकडे केवळ उदाहरणापुरते आहेत. समजा, एक हजार माणसांत एखादा विशिष्ट विकार दहा जणांना आहे. समजा, चित्रातील एखादी खूण या दहांपैकी आठ जणांत आढळते, आणि निरोगी माणसांपैकी फक्त शेकडा वीस जणांत. खूण चांगलीच बोलकी वाटते. परंतु निरोगी माणसे 990 आहेत. त्यांच्यापैकी 198 जणांच्या चित्रात ती दिसणार. म्हणजे खूण असलेली एकूण चित्रे 206, आणि त्यांतील विकारग्रस्त केवळ आठ. शंभरांतील चारांच्या बाबतीत निदान बरोबर, छप्पन्नच नव्हे तर तब्बल शहाण्णवांच्या माथी नसता शिक्का. रुग्णालयात येणाऱ्यांत विकाराचे प्रमाण अधिक असते आणि त्यामुळे चूक कमी होते, हे खरे. पण तीच कसोटी नोकरीच्या निवडीत, शाळेत किंवा ताब्याच्या दाव्यात वापरली की हिशेब पुन्हा येथेच येऊन ठेपतो.

याला आपल्याकडील परिस्थितीची आणखी एक बाजू आहे. बक यांच्या कसोटीत घराला धुराडे आहे की नाही, याला महत्त्व आहे. कुटुंबातील उबेशी त्याचा संबंध जोडला जातो. आपल्याकडे कौलांच्या फटींतून धूर बाहेर जाणाऱ्या घरात जो लहानाचा मोठा झाला, त्याने धुराडे काढले नाही तर त्याच्या घरी माया नव्हती असे समजावे काय? डहाणू, तलासरीच्या बाजूला वारली स्त्रिया लग्नाचा चौक काढतात. तांदळाच्या पिठाने रंगवलेल्या त्या माणसांचे धड म्हणजे टोकाला टोक जोडलेले दोन त्रिकोण, डोके म्हणजे एक वर्तुळ, हातपाय म्हणजे बारीक रेषा. बहुधा डोळे नाहीत, नाक नाही, तोंड नाही. याच परंपरेतील जिव्या सोमा म्हशे यांना 2011 साली पद्मश्री मिळाली. पुस्तकातील नियम शब्दशः लावले, तर चेहरा टाळणाऱ्या आणि काटकुळे हात काढणाऱ्या या साऱ्या समाजाला माणसांचा सहवास नकोसा आहे, असा निष्कर्ष निघेल. हातात हात घालून तारप्याभोवती फेर धरणाऱ्या माणसांविषयी असा निष्कर्ष काढणाऱ्या कसोटीचीच परीक्षा घ्यावी लागेल. ज्या शेतमजुराने किंवा मोलकरणीने आयुष्यात पेन्सिल धरलेली नाही, तिच्या थरथरत्या रेषेत चिंता शोधणारा तज्ज्ञ तिची चिंता वाचत नसून तिची निरक्षरता वाचत असतो.

याचा अर्थ चित्रांना मानसोपचारात स्थान नाही, असा करू नये. वृद्धाला घड्याळाची तबकडी काढून अकरा वाजून दहा मिनिटे दाखवायला सांगतात. तो आकडे एका बाजूला कोंबतो किंवा काटे भलतीकडे लावतो, तेव्हा स्मृतिभ्रंशाची शंका घेऊन पुढील तपासणी करण्यास तेवढे कारण पुरते. तेथेही शिक्षणाचा विचार करावा लागतोच. पण काय मोजायचे हे तेथे स्पष्ट असते, आणि चित्राचा गूढ अर्थ लावला जात नाही. त्याचप्रमाणे जो रुग्ण आठवडाभर गप्प आहे, तो कागदावर झाड काढतो आणि ‘हे आमच्या परसातलं’ असे म्हणतो, तेव्हा चित्राने आपले काम केले. बोलण्याला तोंड फुटले. बक यांच्या मूळ कसोटीतही चित्र झाल्यावर रुग्णाला त्याविषयी प्रश्न विचारण्याची तरतूद आहे. घाईच्या कामकाजात हाच भाग गळतो. प्रश्न राहून जातात आणि अर्थ तेवढा फाईलला लागतो.

आणि फाईल ही आपल्या समाजात सामान्य वस्तू नाही. शिक्षक आणि लिपिक या दोघांना हे निराळे सांगायला नको. तोंडी बोललेले विरते, कागदावर चढलेले टिकते. ‘संशयी स्वभाव’ हे दोन शब्द एकदा लिहिले गेले, की पुढील प्रत्येक वाचणारा त्या माणसाकडे त्या दोन शब्दांतून पाहू लागतो. त्याने तक्रार केली तर ती संशयी स्वभावामुळे, आणि केली नाही तर मनात ठेवतो म्हणून. अर्थशास्त्रात आम्ही म्हणतो, की वस्तू स्वस्त दिसते तेव्हा तिच्या किमतीचा काही भाग दुसराच कोणी भरत नाही ना, हे पाहावे. कागद आणि पेन्सिलीची कसोटी संस्थेला स्वस्त पडते. तिच्या चुकीची किंमत रुग्ण भरतो, त्याची बायको भरते, त्याच्या बहिणीचे लग्न जमवताना आईबाप भरतात.

आपल्या कायद्याने या बाबतीत बरीच मजल मारली आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम 2017 साली संमत झाला आणि 2018 पासून अमलात आला. मानसिक आजार ठरवताना राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य झालेल्या वैद्यकीय निकषांचाच आधार घ्यावा, व्यक्तीच्या सामाजिक किंवा आर्थिक स्थितीवरून, किंवा समाजाच्या रूढ मूल्यांशी तिचे पटत नाही एवढ्यावरून तो ठरवू नये, असे त्यात म्हटले आहे. पूर्वी उपचार घेतले होते, एवढ्यानेच आज आजार आहे असे मानता येत नाही. आपल्या आजाराविषयी गुप्तता राखली जाण्याचा आणि आपल्या वैद्यकीय नोंदी मिळण्याचा हक्कही रुग्णाला आहे. कायद्याचा हा आशय आणि चित्राच्या एका कोपऱ्यावरून स्वभाव लिहिण्याची रीत, या दोन गोष्टी एका फाईलमध्ये सुखाने नांदू शकत नाहीत.

तेव्हा मागणी मोठी नाही. चित्रावरून कोणताही निर्णय एकट्या चित्राच्या बळावर होऊ नये. अहवालात दिसलेले आणि वाटलेले निराळे लिहावे. ‘हात खिशात काढले आहेत’ ही नोंद आहे, ‘अपराधभावना आहे’ हा तर्क आहे. दोहोंमध्ये रुग्णाचे स्वतःचे म्हणणे यावे. त्याने पूर्वी चित्रे काढली आहेत काय, किती शिकला, कोठे वाढला, याची एक ओळ असावी. आपल्या विद्यापीठांतील मानसशास्त्र विभागांनी येथील माणसांच्या चित्रांवरून प्रमाणके तयार करावीत, आणि जी खूण कसोटीला उतरणार नाही ती अध्यापनातून काढून टाकण्याचे धैर्य दाखवावे. फाटक यांनी मुलांच्या बाबतीत जो मार्ग घालून दिला, त्या दिशेने मोठ्यांच्या बाबतीत चालायला हरकत नसावी.

त्या दिवशी वडिलांच्या प्रश्नाला मी उत्तर दिले, की तुमच्या मुलाने काहीही केलेले नाही, तो आजारी होता आणि आता बरा आहे. अहवाल मागे ठेवून फक्त डॉक्टरांचे प्रमाणपत्र महाविद्यालयात द्यावे, असेही सुचवले. मुलगा पदवीधर झाला, आज नोकरीत आहे. वडिलांचे समाधान झाले असे मला वाटले होते. परंतु पुढे कितीतरी दिवस मुलगा हात खिशात घालून उभा राहिला की ते त्याच्याकडे निरखून पाहत, असे त्यानेच मला हसत हसत सांगितले. मला मात्र त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही.